घरच्या घरी हेडफोनची केबल: वायर निवडण्यापासून शेवटच्या बीपपर्यंत

हेडफोन सहसा कानापाशी बिघडत नाही, केबलपाशी बिघडतो. त्यातही जागा ठरलेल्या असतात: पिनेला लागून असलेला पहिला इंचभर भाग आणि दोन कानांकडे फाटा फुटतो ती जागा. डावा कान मधूनच बंद पडतो, वायर एका बाजूला दाबून धरली की परत सुरू होतो आणि काही आठवड्यांत तेवढाही वाजेनासा होतो. हेडफोन मात्र आतून ठणठणीत असतो. अशा वेळी नवा हेडफोन घेणं मला पटत नाही. कंपनीची जादा केबल मागवली, तरी तिची लांबी आपल्या सोयीची असेलच असं नाही. सेनहायझरच्या एचडी ६०० सोबत ३ मीटरची केबल येते. टेबलाशी बसून ऐकणाऱ्याच्या ती खुर्चीच्या चाकाखाली जाते आणि नागपुरात खापरीहून मेट्रोने बर्डीला (सीताबर्डीला) येणाऱ्याला ती कुठे गुंडाळून ठेवावी हेच कळत नाही.

घरी बनवलेल्या केबलमध्ये लांबी, जाडी, पिन सगळं आपल्या हातात राहतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती उघडता येते. कंपनीची पिन बहुधा साच्यात ओतलेली असते. आत वायर तुटली की पिन कापूनच टाकावी लागते. आपली पिन आट्यांची असते. तुटली तर उघडायची, दोन सेंटिमीटर वायर कापायची, पुन्हा डाख द्यायचा (सोल्डर करायचं), झालं.

आवाजात फरक पडतो का?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, म्हणून हिशेबच मांडतो. २६ गेजच्या (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड) तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.१३ ओहम असतो. दीड मीटरची केबल धरली तर जाण्या-येण्याचे मिळून तीन मीटर, म्हणजे ०.४ ओहम. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर एवढ्याने आवाजाची पातळी जेमतेम ०.१ डेसिबलने उतरते. एचडी ६०० हा ३०० ओहमचा, त्याला याच्या दहाव्या हिश्शाइतकाच फरक पडतो. कानाला हे कळत नाही. चांदीच्या तारेबद्दल बरंच काही सांगितलं जातं, पण वीज वाहून नेण्यात चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्केच सरस आहे. त्याऐवजी २६ च्या जागी २४ गेजचं साधं तांबं घेतलं, तर रोध एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो. चांदीचे पैसे चांगल्या पिनेत घाला.

एका बाबतीत मात्र वायरिंगने खरोखर फरक पडतो. स्वस्त केबलमध्ये तीनच तारा असतात: डावीची एक, उजवीची एक आणि दोघांची मिळून परतीची एक. या सामाईक तारेतून जाताना डावीकडचा थोडा आवाज उजवीत उतरतो. ही तार २८ गेजची आणि दीड मीटरची असेल तर तिचा रोध ०.३ ओहमच्या आसपास भरतो आणि ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये ही गळती मूळ आवाजाच्या फक्त ४० डेसिबल खाली येते. चार तारा घेतल्या आणि परतीच्या दोन्ही तारा थेट पिनेच्या आतच एकत्र केल्या, की सामाईक रस्ता काही मिलिमीटरचाच उरतो. म्हणून दोन्ही कानांना स्वतंत्र केबल लागणाऱ्या हेडफोनसाठी मी तीन तारांची केबल कधीच सुचवत नाही. चारच.

आधी जुन्या केबलचा नकाशा

जुनी केबल फेकू नका, ती मेली असली तरी नकाशा म्हणून कामाची आहे. मल्टिमीटर बीपवर लावा, म्हणजे दोन प्रोबच्या मध्ये जोड अखंड असेल तर तो वाजतो. ३.५ मिलिमीटरच्या साध्या स्टिरिओ पिनेला तीन भाग असतात: टोक डावा, मधली कडी उजवा, बुडाकडची नळी ग्राउंड, म्हणजे परतीची. एक प्रोब टोकावर ठेवा आणि दुसरा हेडफोनकडच्या पिनेच्या एकेका भागावर टेकवत जा. बीप आला की कागदावर लिहा. वायर आत तुटलेली असेल तर तुटक्या जागेपाशी दाबून धरा, बहुतेक वेळा क्षणभर तरी जोड मिळतो. तिथून पुढची प्रत्येक जोडणी या कागदाकडे बघूनच करायची.

माइकवाल्या चार भागांच्या पिनेत, आजच्या फोनच्या पद्धतीप्रमाणे, टोक डावा, पहिली कडी उजवा, दुसरी कडी ग्राउंड आणि बूड माइक असतं. माइक नको असेल तर तीन भागांचीच पिन घ्या, ती फोनमध्येही नीट चालते.

हेडफोनकडची बाजू प्रत्येक कंपनीची निराळी. एचडी ६०० आणि एचडी ६५० ला प्रत्येक कानात दोन काड्यांची पिन लागते. त्यातली एक काडी जाड, एक बारीक असते, त्यामुळे ती उलटी बसत नाही. एकेजीच्या के ७०२ ला एकाच बाजूला तीन काड्यांचा मिनी एक्सएलआर (लहान गोल जोड) असतो: १ ग्राउंड, २ डावा, ३ उजवा. ऑडिओ टेक्निकाच्या एम५०एक्स ला २.५ मिलिमीटरची, फिरवून अडकणारी पिन लागते. बाजारातली साधी २.५ ची पिन तिथे घेतली तर तिचं अंग खाचेत शिरत नाही, हे खरेदीआधी बघा. कानात घालायच्या इअरफोनना एमएमसीएक्स (छोटी गोल, दाबून बसणारी) किंवा ०.७८ मिलिमीटरची दोन काड्यांची पिन असते. या फार लहान असतात. पहिली केबल त्यांच्यासाठी बनवायला घेऊ नका.

बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो सारख्या हेडफोनची केबल आतूनच पक्की जोडलेली असते. तिथे केबल बदलायची म्हणजे कानाची वाटी उघडून, ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागाच्या) केसासारख्या तारांजवळ डाख द्यायचा. हात बसल्यावर करायचं ते काम आहे.

बर्डीवरची खरेदी

नागपुरात सुट्या इलेक्ट्रॉनिक सामानासाठी सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्या गाठायच्या. दुकानात ‘हेडफोन जॅक द्या’ म्हटलं तर पॅनेलवर बसवायचं सॉकेट समोर येऊ शकतं. ‘भाऊ, स्टिरिओ ईपी मेल दाखवा, मेटल बॉडी, स्प्रिंगवाली’ असं म्हणा, ईपी मेल म्हणजे ३.५ ची पिन. जाड ६.३५ मिलिमीटरची पिन पी-३८ या नावाने मिळते, ती स्टिरिओच आहे ना ते टोकावरचे काळे पट्टे मोजून बघा: दोन पट्टे म्हणजे स्टिरिओ, एक म्हणजे मोनो. निवडलेल्या वायरचा तुकडा खिशात न्या आणि पिनेच्या मागच्या भोकातून घालून बघा. चार तारांची वेणी घालून वर कापडी आवरण चढवलं की केबल अंदाजापेक्षा जाड होते आणि भोकात अडकते. फोनला जाड कव्हर असेल तर पिनेचं अंग बारीक घ्या, नाहीतर ती पूर्ण आत जात नाही आणि एकच कान वाजतो.

पिनेत कंजुषी करू नका. न्यूट्रिक, त्याच कंपनीची रीन, किंवा अॅम्फेनॉल इथे मिळाली नाही तर ऑनलाइन मागवा. फरक हातात घेतल्यावर कळतो. स्वस्त पिनेत डाख द्यायच्या पट्ट्या रिव्हेटने ढिल्या बसवलेल्या असतात, सोल्डरिंग आयर्न लावलं की मधलं प्लास्टिक मऊ पडतं आणि टोक डुलायला लागतं.

वायरसाठी सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी नेतात ती २६ गेजची सिलिकॉन वायर. ती अतिशय मऊ असते आणि आयर्नचा चुकून स्पर्श झाला तरी वितळत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यातही ती तशीच राहते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद गाडीत ठेवलेली साधी पीव्हीसी केबल काही वर्षांत चिकट किंवा कडक होत जाते. सिलिकॉनचा तोटा एवढाच, की ती कपड्याला घासून अडकते, म्हणून वर आवरण लागतं. दुसरा चांगला पर्याय चार कोरची माइक केबल, कॅनारे किंवा मोगामीची. टेबलावरच्या वापराला ती उत्तम, फिरताना जरा ताठ वाटते. तिच्या जाळीची हेडफोनला फारशी गरज नसते. हेडफोनचा रोध इतका कमी असतो, की शेजारी कूलरची मोटर चालू असली तरी केबल गुणगुण पकडत नाही. जाळी पिनेच्या बाजूला ग्राउंडला जोडा, दुसऱ्या टोकाला कापून मोकळी ठेवा.

मेलेल्या इअरफोनची वायर मात्र वापरू नका. ती सोलून भिंगाखाली बघा: दोऱ्याभोवती तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली दिसते, कधी तारांवर लाल-हिरवा रंग असतो. तो रंग म्हणजे विजेला अडवणारं लाखेसारखं आवरण. त्यावर सोल्डर धरत नाही, आणि आवरण जाळायला उष्णता वाढवली की आतला दोरा जळून पट्टी विस्कटते. दोरा नसलेली, नुसती रंगीत लिट्झ तार (लाखेच्या आवरणाच्या बारीक केसांची) असेल तर ३८० ते ४०० अंशांवर सोल्डरच्या थेंबात टोक काही सेकंद बुडवून ठेवलं की रंग जळून तांबं चकाकतं. पण ती दुसऱ्या-तिसऱ्या केबलची गोष्ट.

बाकी सामान थोडं आहे. २५ वॅटचं आयर्न चालतं, तापमान ठरवता येणारं असेल तर फारच बरं, कारण मग ते ३२० ते ३५० अंशांवर ठेवता येतं. टोक सुईसारखं नको, लहान छिन्नीसारखं चपटं घ्या, उष्णता लवकर पोचते. सोल्डर वायर ६३/३७ ची, बारीक, आत राळ असलेली. ती नेमकी १८३ अंशांना वितळते आणि लगेच घट्ट होते, त्यामुळे हात हलला तरी जोड बिघडण्याची शक्यता कमी. नळ-पत्र्याच्या कामाची आम्लाची पेस्ट चुकूनही घेऊ नका, ती आतून तांबं खात राहते. वेगवेगळ्या मापांच्या श्रिंक स्लीव्ह (तापवल्या की आकसणाऱ्या नळ्या), वायर स्ट्रिपर आणि पिन धरून ठेवायला चिमट्याचं स्टँड.

मापं आणि वेणी

बसून, हेडफोन घालून, यंत्रापर्यंतचं अंतर सुतळीने मोजा. टेबलाला दीड ते दोन मीटर, खिशातल्या फोनला सव्वा मीटर पुरतं. त्यातच वरच्या बाजूला फाट्यापासून कानापर्यंतचे ३५ ते ४० सेंटिमीटर धरा. कमी ठेवले तर मान वळवताना ओढ बसते. वेणीत लांबी आटते, घट्ट घातली तर पाचव्या हिश्शापर्यंत. दीड मीटर हवी असेल तर चारही तारा १.९ मीटरच्या कापा.

चारही तारा एकाच रंगाच्या असतील तर आताच दोन्ही टोकांना रंगीत टेपच्या खुणा करा. वेणी घातल्यावर कुठली तार कुठली हे फक्त मीटरच सांगतो.

चौपेडी गोल वेणी सोपी आहे. टोकं एकत्र बांधून खिळ्याला अडकवा, तारा दोन डावीकडे, दोन उजवीकडे धरा. सगळ्यात उजवीकडची तार शेजारच्या दोन तारांच्या मागून न्या, पुढे काढा आणि एका तारेवरून परत आपल्या बाजूला आणा. मग सगळ्यात डावीकडची तसंच: दोघींच्या मागून, एकीवरून परत. एवढंच चालू ठेवायचं. ओढ सगळीकडे सारखी ठेवा, फार घट्ट नको. घट्ट वेणी दिसायला छान, पण केबल काठीसारखी ताठ होते. फाट्याच्या जागी आलात की दोन-दोन तारा वेगळ्या करून पीळ देत न्या. डाव्या कानाच्या दोन्ही तारा एकत्र, उजव्याच्या एकत्र, इथे खुणा तपासा.

कापडी आवरणासाठी पॅराकॉर्डच्या (विणलेल्या नायलॉन दोरीच्या) आतले दोरे ओढून काढायचे आणि पोकळ आवरण वायरवर सुरवंट सरकावा तसं थोडंथोडं पुढे न्यायचं. टोक लायटरने हलकं भाजलं की उसवत नाही. इतवारीत नाडी-दोऱ्याच्या दुकानांतही पोकळ विणीची गोल दोरी बघता येईल, वायरचा तुकडा सोबत असू द्या.

डाख

इथे घाई नको. आयर्न तापेपर्यंत केबलवर काय काय आधी ओवायचं ते ओवून घ्या: पिनेची टोपी, तिची स्प्रिंग, फाट्याची नळी, मोठी श्रिंक स्लीव्ह आणि प्रत्येक तारेवर एकेक बारीक स्लीव्ह. डाख दिल्यावर यातलं काहीही आत जात नाही. बारीक स्लीव्ह जोडापासून लांब सरकवून ठेवा, नाहीतर आयर्नच्या धगीनेच आकसतात.

उन्हाळ्यात खोलीत कूलर लागतोच. त्याचा झोत थेट टेबलावर येऊ देऊ नका, आयर्नचं टोक आणि जोड दोन्ही थंड पडतात आणि डाख खडबडीत होतो. कूलर बाजूला वळवा, खिडकी उघडी ठेवा. राळेचा धूर तोंडावर घेऊ नका, तो घसा आणि डोळे चुरचुरवतो. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून टेबलावर खाणं नको, काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि मुलांना लांब ठेवा.

तारेचं टोक तीन-चार मिलिमीटरच सोला. पेड पिळून एकजीव करा, एकही केस बाहेर नको. आता आयर्न तारेखाली धरा आणि सोल्डर वरून तारेला लावा, आयर्नला नाही. तार पुरेशी तापली की सोल्डर आपोआप पेडांमध्ये ओढलं जातं, तारेचा पीळ तरीही दिसत राहतो. गोळा झाला तर जास्त झालं. पिनेच्या पट्टीवरही असाच पातळ थर द्या. मग दोन्ही एकमेकांवर टेकवा, आयर्न लावा, दोन्ही थर एकत्र वाहिले की आयर्न काढा आणि मनात तीन मोजेपर्यंत काहीही हलवू नका. सगळं मिळून दोन-तीन सेकंदांचं काम. पाच सेकंद होऊनही वितळलं नाही तर थांबा, पिन थंड होऊ द्या, टोक ओल्या स्पंजवर पुसा आणि परत करा. चांगला जोड गुळगुळीत, चमकदार असतो आणि कडेला पट्टीशी सपाट मिळून जातो. मण्यासारखा फुगीर, कडेला फट असलेला जोड आज वाजेल, पण तो सुटणार.

क्रम असा ठेवा: आधी टोकाची पट्टी, मग कडीची, शेवटी ग्राउंड. कुठली छोटी पट्टी टोकाची हे पिन बघून ठरवू नका, मीटरने बीप घ्या. ग्राउंडच्या दोन्ही तारा आधी एकमेकींना पिळून, डाख देऊन, मग मोठ्या पट्टीला लावा. ग्राउंडची पट्टी मोठी असल्याने तिला उष्णता जास्त लागते. हेडफोनकडच्या काड्यांच्या पिना डाख देताना जोडीच्या सुट्या सॉकेटमध्ये खोचून ठेवा. प्लास्टिक मऊ पडलं तरी काड्या वाकड्या होत नाहीत. हे सॉकेट सुटं विकत घ्या, हेडफोनमध्ये खोचून डाख देऊ नका.

बारीक स्लीव्ह जोडांवर ओढा आणि गरम हवेने आकसवा. लायटर चालतो, पण ज्योत जवळ आली की स्लीव्ह काळी पडते, हेअर ड्रायर बहुधा पुरेसा तापत नाही. आयर्नच्या दांड्याची बाजू जवळून फिरवणं त्याहून बरं.

आता या सगळ्यात निर्णायक गोष्ट: ओढ कुठे बसते. ग्राउंडच्या पट्टीला मागे दोन पाखं असतात. ती केबलच्या बाहेरच्या आवरणावर दाबायची, आतल्या तारांवर कधीच नाही. वेणीची केबल असेल तर तेवढ्या भागावर आधी जाड स्लीव्ह चढवून मग पाखं आवळा. जोडापर्यंतच्या तारा किंचित ढिल्या राहिल्या पाहिजेत. केबल धरून हलकेच ओढा, तारा ताणल्या गेल्या तर पाखं परत आवळा. पिनेच्या मागे स्प्रिंग नसेल तर दोन स्लीव्ह एकीवर एक, वेगवेगळ्या लांबीच्या चढवा, म्हणजे वायर एकाच बिंदूत न वाकता हळूहळू वाकते. पिनेत ग्लू गनचा गोंद भरणारे बरेच असतात. आपल्याकडच्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, तो मऊ पडू शकतो आणि दुरुस्तीला पिन उघडणंही अवघड करतो. मी तो टाळतो. फाट्यावरही हाच विचार: नळीच्या आत सैलशी गाठ मारा म्हणजे कानाकडची ओढ तिथेच अडते.

तपासणी

टोपी फिरवण्याआधी मीटर घ्या. कागदावरच्या नकाशाप्रमाणे प्रत्येक जोडीला बीप आला पाहिजे आणि डावा-ग्राउंड, उजवा-ग्राउंड, डावा-उजवा यांत बीप येता कामा नये. हे हेडफोन न लावता तपासा, नाहीतर ड्रायव्हरमधून जोड दिसतो. मग एका जोडीला प्रोब लावून ठेवून केबल पिनेपाशी चारही बाजूंना वाकवा. बीप तुटला तर डाख कच्चा आहे. टोपी फिरवल्यावर सगळं पुन्हा एकदा तपासा, कारण धातूची टोपी आतल्या जोडाला टेकली की शॉर्ट होतो. जागा तंग असेल तर टोपीच्या आत कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या, वीज अडवणाऱ्या टेपचा) एक वेढा द्या.

रोध मोजायचा असेल तर आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा, साध्या मीटरमध्ये तोच बऱ्याचदा केबलपेक्षा मोठा असतो.

पहिल्यांदा लावताना आवाज अगदी कमी ठेवा. एखादं एकट्या गायकाचं गाणं लावा. आवाज डोक्याच्या मधोमध यायला हवा. तो पसरट, पोकळ वाटला आणि तबल्याचा डग्गा हरवल्यासारखा झाला, तर एका कानाचे प्लस-मायनस, म्हणजे जाणारी आणि परतीची तार, उलटे लागले आहेत. त्याच कानाच्या दोन तारांची अदलाबदल करा.

बॅलन्स्ड पिन

अॅम्प्लिफायरला ४.४ मिलिमीटरचं बॅलन्स्ड सॉकेट (ज्यात दोन्ही कानांचे प्लस-मायनस शेवटपर्यंत वेगळे राहतात) असेल तर चार तारांच्या केबलचा इथे आणखी एक उपयोग. पिनेत टोक डावा प्लस, पहिली कडी डावा मायनस, दुसरी कडी उजवा प्लस, तिसरी कडी उजवा मायनस, बूड ग्राउंड, ते मोकळं ठेवतात. चार काड्यांच्या एक्सएलआरमध्ये १ ते ४ हाच क्रम. इथे दोन मायनस कधीही एकत्र जोडायचे नाहीत. बॅलन्स्ड अॅम्प्लिफायर मायनसवरही आवाजाचा प्रवाह पाठवतो, ते दोन एकत्र आले की त्याचं आउटपुट शॉर्ट होऊन तो जळू शकतो. म्हणून बॅलन्स्ड सॉकेटमधून ३.५ च्या हेडफोनकडे नेणारं अॅडॉप्टर बनवू नका आणि विकतही घेऊ नका. उलट दिशा सुरक्षित आहे: केबलला ४.४ ची पिन लावा आणि फोनसाठी ३.५ ची मेल पिन ते ४.४ चं फिमेल सॉकेट असं छोटं अॅडॉप्टर बनवा. त्यात दोन्ही मायनस ३.५ च्या ग्राउंडला जातात. त्याची वायर १० सेंटिमीटर पुरे. ४.४ चं सॉकेट जड असतं, वायर जास्त आखूड ठेवली तर त्याचा सगळा भार फोनच्या सॉकेटवर येतो.